कुणाचं सोडियम, कुणाचं क्लोराइड?

मे महिन्यात पेणला धरमतर खाडीलगतच्या खारजमिनीत जा, नाहीतर रोह्याला कुंडलिकेच्या खाडीकाठी; ढेकळांवर पांढरी साय दिसते. उधाणाला बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलेलं असतं, ते उन्हाळ्यात असं वर येतं. कोणतं मीठ, विचाराल तर उत्तर जरा अडचणीचं आहे.

ढेकूळ चुरून पाण्यात कालवलं आणि गाळलं, की क्षार गाळलेल्या पाण्यात उतरतात. त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजली, की क्षार किती याचा अंदाज येतो. कोणते, ते कळत नाही. विरघळताच मिठातलं सोडियम आणि क्लोराइड सुटे होतात, मॅग्नेशियम आणि सल्फेटही. सगळे एकाच गर्दीत. आता हे सोडियम मूळचं कोणत्या क्षारातलं, हे कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ती मोजते सुटे आयन.

क्लोराइडसाठी मोहरची जुनी रीत अजून चालते. नमुन्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकले, की तो पिवळा होतो. ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडायचं, चंचुपात्र हलवत राहायचं. दह्यासारखा पांढरा साका धरतो. क्लोराइड संपलं, की पुढच्याच थेंबाला विटकरी छटा येते आणि हलवूनही जात नाही. तिथे हात थांबवायचा. सल्फेट बेरियम क्लोराइडने पकडतात. सोडियम ज्योतीत ओळखू येतं: आमटी उतू गेली की गॅसची निळी ज्योत पिवळी होते, ते त्याचंच काम. शेवटी धन आणि ऋण भारांचा ताळा जुळायला हवा; नाही जुळला तर काहीतरी मोजायचं राहिलं, बहुधा बायकार्बोनेट.

मीठ पिकवणारे मात्र हे क्षार खरोखर वेगळे करतात. पाणी आटताना आधी जिप्सम बसतं, पाण्याचा दाटपणा साधारण 25 अंश बोमे झाला की मीठ धरू लागतं, आणि मॅग्नेशियमचं कडू पाणी उरतं. ते वेळेवर सोडलं नाही, तर मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात पाझरतं.

शेतकऱ्याला प्रयोगशाळेतल्या या आकड्यांचा उपयोग काय? सुटे क्षार कोकणातला पाऊस धुऊन नेतो. चिकणमातीला चिकटलेलं सोडियम नुसत्या पावसाने सहजी सुटत नाही. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने ते फार असेल, तर शेतात जिप्सम घालण्याचा विचार करावा लागतो. म्हणून मातीचा नमुना पावसाआधी, मेमध्येच काढा, आणि अहवालात नुसती वाहकता असेल तर सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आकडेही मागून घ्या.