हाताची घडी, तोंडावर बोट

"हाताची घडी, तोंडावर बोट!" या चार शब्दांवर माझे प्राथमिक शिक्षण झाले. वाचकांपैकी बहुतेकांचेही असेच झाले असणार. बाईंनी हे शब्द उच्चारले की साठ मुलांचा वर्ग चिडीचूप होई. बाईंना वाटे, मुले शांत झाली. आमच्या मनात मात्र त्या वेळी कोणाची पेन्सिल, कोणाचे भांडण, कोणाचे न ओघळलेले रडू असे. शांत बसणे आणि शांत होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला एकोणिसाव्या वर्षी एका चार वर्षांच्या मुलाने शिकवले. तेच येथे सांगायचे आहे.

माझी आई सातवी शिकलेली. नालासोपारा पूर्वेला आमच्या चाळीजवळच्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी वाचलेले सारे खरे आणि ते सर्वांना लगेच सांगितलेच पाहिजे, अशी माझी समजूत होती. मानसशास्त्राच्या तासाला 'भावनांचे नियमन' हा भाग झाला. राग, भीती, दुःख आले तरी त्यात वाहून न जाता स्वतःला सावरणे, म्हणजे भावनांचे नियमन. योग आणि सजगता यांमुळे लहान मुलांना हे सावरणे जमते, असे वाचनालयातल्या एका पुस्तकात सापडले. २१ जूनचा योगदिन जवळ आलाच होता. मी अंगणवाडीच्या ताईंना म्हटले, "ताई, या वर्षी योग मी घेते."

बावीस मुले ओळीने बसवली. मांडी घालून, पाठ ताठ, डोळे मिटून. "कोणी हलायचे नाही," असेही बजावले. एका मुलाचे डोळे सारखे उघडत होते. आपण त्याला छोटू म्हणू. मी त्याच्याजवळ गेले आणि प्रेमानेच त्याच्या डोळ्यांवर हात ठेवला. त्याने अशी किंकाळी फोडली की बाहेरच्या बायका धावत आल्या. तो माझ्या हाताला कडकडून चावला, शेजारच्या दोघांना त्याने लाथा मारल्या, आणि पाहता पाहता बावीसपैकी निम्मी मुले रडू लागली. योगदिन तेथेच संपला.

रात्री भाकऱ्या थापताना आई म्हणाली, "अगं, त्याची आई मुंबईला स्वयंपाकाची कामं करते. पहाटेच्या गाडीने जाते. तो झोपलेला असतो तेव्हाच निघते, म्हणजे रडत मागे लागत नाही. डोळे मिटले की आई जाते, एवढं त्याला कळतं. आणि तू त्याचे डोळे मिटायला गेलीस." थोडे थांबून तिने विचारले, "तुमच्या पुस्तकात हे नसतं का?"

मला उत्तर सुचले नाही. पण त्या प्रश्नामुळेच मी पुस्तके पुन्हा, आणि या वेळी नीट, वाचायला घेतली.

पहिली गोष्ट कळली ती शरीराची. धोक्याची जाणीव होताच आपल्या मेंदूतला एक छोटा भाग क्षणात घंटा वाजवतो. हृदय धडधडते, श्वास उथळ होतो, हातपाय मारायला किंवा पळायला सिद्ध होतात. ही घंटा लहान मुलांतही जोरात वाजते. तिला आवर घालणारा, 'थांब, विचार कर' असे सांगणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र फार सावकाश तयार होतो. पंचविशीपर्यंत त्याचे काम चालूच असते. म्हणजे तो अजून माझाही पुरता तयार नाही, मग छोटूकडून काय अपेक्षा करायची? चार वर्षांचे मूल स्वतःला एकट्याने सावरू शकत नाही. ते आधी मोठ्या माणसाच्या शांतपणाच्या आधाराने सावरते, आणि असे पुष्कळ वेळा घडल्यावर हळूहळू स्वतः सावरायला शिकते. श्वासाचा उपयोग येथे आहे. सावकाश आणि लांब सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती उतरते, आणि 'धोका टळला' असा निरोप शरीराकडूनच मेंदूला मिळतो.

दुसरी गोष्ट सजगतेची. आजकाल हा शब्द परदेशातून आल्यासारखा वाटतो. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात रुग्णांसाठी सजगतेचे वर्ग सुरू केले आणि तेथून ही कल्पना दवाखान्यांत, मग शाळांत पसरली. पण तिचे मूळ बौद्ध परंपरेतल्या 'सति' या पाली शब्दात आहे. सति म्हणजे भान, स्मरण. येणारा-जाणारा श्वास नुसता पाहणे, त्याला आनापान म्हणतात. आपल्या नालासोपाऱ्याचे जुने नाव शूर्पारक. येथल्या स्तूपाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. त्या स्तूपाच्या परिसरात लहानपणी मी लपंडाव खेळले आहे. ज्या गावात असा स्तूप उभा राहिला, त्याच गावच्या अंगणवाडीत मी सजगता पुस्तकातून आणू पाहत होते!

आता लहान मुलांकडे वळू. डॉ. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. एके दिवशी अंगणात त्यांना एक बाई भेटली. तिचे चार महिन्यांचे तान्हे बाळ त्यांनी उचलून वर्गात आणले आणि मुलांना म्हटले, हे पाहा, किती शांत आहे. याच्याइतके शांत तुम्हाला राहता येईल का? मुले श्वाससुद्धा जपून घेऊ लागली. यातून 'शांततेचा खेळ' जन्मला. खेळ असा : सर्वांनी निश्चल व्हायचे, आजूबाजूचे बारीक आवाज ऐकायचे, मग बाई दुरून अगदी हलक्या आवाजात एकेकाचे नाव घेतात आणि ज्याचे नाव ऐकू येईल त्याने चाहूल न लागू देता त्यांच्याकडे जायचे. येथे मूल गप्प बसते ते भीतीने नव्हे. आपले नाव ऐकू यावे म्हणून ते गप्प बसते. 'तोंडावर बोट' आणि हा खेळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पण हा खेळही लादला तर फसतो. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिराचे गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला उत्साही शिक्षक पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घेतो. मुले गोंधळ घालतात आणि बेत पार कोसळतो. मग तो दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो, आणि मुले आपोआप शांत होतात. हे वाचताना मला माझा योगदिन आठवून हसूही आले आणि धीरही आला.

गिजुभाईंच्या सोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तर हा विचार आपल्याच भागात रुजवला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. माँटेसरींची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी खडे, शिंपले, पाने, फुले वापरली. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. मुलांना आधी आंघोळ, स्वच्छता, खाऊ, शिकणे त्यानंतर. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. आई जेथे रोज खिचडी शिजवते त्या खोलीचे नाव आपल्या जिल्ह्यातल्या दोन बायकांच्या कामाशी असे जोडलेले आहे, हे तिला सांगितले तेव्हा ती नुसती हसली.

आता कोणी विचारील, या साऱ्याचा उपयोग होतो याला पुरावा काय? पुरावा आहे, पण तो जपून वाचला पाहिजे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे ६८ बालवाडीतल्या मुलांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा आठवडे श्वासाकडे लक्ष देण्याचे आणि दुसऱ्याशी मायेने वागण्याचे खेळ घेतल्यावर त्या मुलांचे इतरांशी वागणे सुधारल्याचे शिक्षिकांना आढळले. उलट, ब्रिटनमध्ये मोठ्या शाळकरी मुलांवर झालेल्या एका फार मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले; तेथे सजगतेच्या तासांचा नेहमीच्या शिक्षणापेक्षा काही अधिक लाभ दिसला नाही. मला यातून इतकेच समजते की सजगता ही औषधाची गोळी नव्हे. कोण देतो, कोणाला देतो, कशी देतो, यावर सारे अवलंबून आहे.

आमच्या अंगणवाडीत आता आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगते. डोळे मिटायची सक्ती नाही. वसईच्या वाडीतला एक सोनचाफा हातात देतो आणि म्हणतो, फूल हुंगा, आता दिवा विझवा. हुंगताना श्वास आत जातो, फुंकर घालताना तो लांब बाहेर जातो. 'प्राणायाम' हा शब्द काढावा लागत नाही. भ्रामरी म्हणजे भुंगा होऊन गुणगुणणे. मांजर, साप, बेडूक, झाड ही आसने मुलांना शिकवावी लागतात कुठे? ती आधीच मांजर असतात! श्वास कोंडणे, जोरजोराने श्वास घेणे असले प्रकार आम्ही अजिबात करत नाही. खडूच्या रेषेवरून पाण्याचा पेला न सांडता चालणे हा मुलांचा लाडका खेळ आहे. सारे मिळून दहा मिनिटे, आणि तेही खाऊनंतर थोड्या वेळाने. कारण उपाशी मुलाला शांत हो म्हणणे हा अन्याय आहे. रागाला नावही देतो. "तुला राग आलाय," एवढे कोणी म्हटले तरी पुष्कळदा मूठ सैल होते.

तरीही एक गोष्ट विसरून चालणार नाही. दहा बाय दहाच्या खोलीत, पहाटे आई नसलेल्या घरात, गळत्या पत्र्याखाली वाढणाऱ्या मुलाचा राग हा नेहमीच त्याचा दोष नसतो. योगाने पत्रा गळायचा थांबत नाही. मुलांना सहन करायला शिकवून आपण मोठ्यांनी आपली कामे टाळू नयेत. आणि ज्या शिक्षिकेला, मदतनिसाला स्वतःला घटकाभर निवांतपणा नाही, तिने मुलांना तो कोठून द्यावा?

छोटूचे म्हणाल, तर आईने त्याच्या आईला एकच सुचवले : निघताना त्याला हलकेच उठवून सांगून जात जा. पहिले काही दिवस तो फार रडला. नंतर रडणे कमी झाले. परवा शांततेच्या खेळात मी दाराआडून हळूच त्याचे नाव घेतले. तो चवड्यांवर चालत आला. डोळे उघडेच होते. मी काही बोलले नाही, त्यानेच तोंडावर बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहून हसला.