ठिपका केवढा?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातल्या शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याचा मोबाइलवर काढलेला एक आडवा फोटो घेऊ. २१ फुटांचा पुतळा, खाली ३१ फुटांचा चौथरा. फेब्रुवारी २०२२ मध्ये अनावरण झाल्यापासून असे असंख्य फोटो शहरभर फिरत आहेत. बारा मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला हा फोटो म्हणजे आडव्या ४००० आणि उभ्या ३००० चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत रंगाचे तीन आकडे. या फोटोची रुंदी किती इंच, असं विचारलं तर उत्तर देता येत नाही. फोटोजवळ चौकटींची मोजदाद आहे, लांबी नाही.

लांबी येते ती छापताना. फोटो स्टुडिओत हाच फोटो ६ इंच रुंद कागदावर काढला, तर एका इंचात ६६६ पिक्सेल बसतात. शिवजयंतीला तोच फोटो २० फुटी फ्लेक्सवर गेला, की तेच ४००० पिक्सेल २४० इंचांवर पसरतात आणि इंचाच्या वाट्याला जेमतेम १७ येतात. इंचामागे किती, हा आकडा म्हणजे रिझोल्यूशन. दुकानात त्याला सरसकट ‘डीपीआय’, म्हणजे इंचाला ठिपके (डॉट्स पर इंच), म्हणतात. खरं तर फोटोचे पिक्सेल वेगळे आणि यंत्राने उडवलेले शाईचे ठिपके वेगळे. फ्लेक्सचं यंत्र ७२० डीपीआयचं असलं, तरी त्या १७ पिक्सेलमधल्या एकेकासाठी ते शाईचे शेकडो बारीक थेंब टाकतं. यंत्र महागडं असल्याने फोटोतले पिक्सेल वाढत नाहीत.

मग १७ पुरतात का? हे डोळ्यावर आणि अंतरावर अवलंबून आहे. निरोगी डोळ्याला साधारण एक कला (आर्क मिनिट), म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक वेगळा दिसतो. कागद ३० सेंटिमीटरवर धरला, तर हा कोन ०.०८७ मिलिमीटरचा होतो; इंचात असे सुमारे २९० ठिपके मावतात. छपाईसाठी ३०० डीपीआय लागतं, हा जो नियम सगळे सांगतात तो या हिशोबाशी जुळतो. पण १० मीटरवरून पाहताना तोच कोन २.९ मिलिमीटरचा होतो, आणि इंचाला ९ पिक्सेलही पुरतात. म्हणून चौकात उंच लावलेला १७ पिक्सेलचा फ्लेक्स स्वच्छ दिसतो. तोच फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवला, तर त्याची मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. मग २० फुटांत इंचाला सातसुद्धा पिक्सेल मिळत नाहीत आणि प्रत्येक चौकट ३.८ मिलिमीटरची होते. १३ मीटरच्या आत उभं राहिलेल्याला फोटो फाटलेला दिसतो, पलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला नाही. फ्लेक्सवाला फोटो ‘डॉक्युमेंट म्हणून टाका’ असं बजावतो, त्यामागे हे गणित आहे.

फ्लेक्सच्या ऑपरेटरची आणखी एक युक्ती मला फार आवडते. १० बाय २० फुटांचं काम खऱ्या मापात ३०० डीपीआयला उघडायचं म्हटलं, तर ३६ हजार गुणिले ७२ हजार पिक्सेल होतात. फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाइल एका बाजूला ३० हजार पिक्सेलच्या पुढे जात नाही. म्हणून ऑपरेटर फुटाला इंच धरतो. १० बाय २० इंचांची फाइल, ३०० डीपीआय. छापताना बारापट मोठी. प्रत्यक्षात इंचाला २५ पिक्सेल उरतात, आणि चौकातल्या फ्लेक्सला ते भरपूर आहेत. लांबी आणि मोजदाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक असतं.

सॉफ्टवेअर मात्र इथेच गडबडतं. मोबाइलच्या फोटोत पिक्सेलसोबत एक छोटी नोंद असते आणि तिच्यात रिझोल्यूशनच्या रकान्यात बहुधा ७२ लिहिलेलं असतं. कॅमेऱ्याने काही मोजलेलं नसतं; रकाना रिकामा ठेवायचा नाही म्हणून तो आकडा येतो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडला, की ४००० भागिले ७२ असा हिशोब होऊन रुंदी १४१ सेंटिमीटर दिसते. ही लांबी कुणीही मागितलेली नव्हती.

हा ७२ छापखान्यातून आला. अक्षरजुळणीचं माप पॉइंट, आणि इंचात सुमारे ७२ पॉइंट. जुन्या अमेरिकी मापात ते ७२.२७ भरत, ॲडोबीच्या पोस्टस्क्रिप्टने बरोबर ७२ केले. १९८४ च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर इंचाला ७२ पिक्सेल होते, म्हणजे एक पिक्सेल बरोबर एक पॉइंट. १९८५ मध्ये ॲपलचा ३०० डीपीआयचा लेझररायटर आला आणि ही सरळ जोडी मोडली. विंडोजने पडद्यासाठी ९६ धरले. आज वेबपानांच्या भाषेत पिक्सेल म्हणजे इंचाचा ९६ वा भाग अशी व्याख्याच आहे, पडदा कसलाही असो.

या गोंधळाचा भार कुणावर पडतो, ते पाहायचं तर भरतीच्या दिवसांत कुठल्याही नेट कॅफेत उभं राहावं. बँक भरतीच्या अर्जांत अनेकदा सूचना असते: फोटो ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, २०० बाय २३० पिक्सेल, स्कॅनर किमान २०० डीपीआयवर. तिन्ही अटी एकत्र मांडून पाहा. ३.५ सेंटिमीटर २०० डीपीआयला स्कॅन केले तर २७६ पिक्सेल येतात आणि ४.५ सेंटिमीटरचे ३५४. ते २०० बाय २३० मध्ये बसवायचे, तर प्रमाणच जुळत नाही: कागदावरच्या फोटोची रुंदी उंचीच्या ७८ टक्के, मागितलेल्या चौकटीची ८७ टक्के. न कापता दाबून बसवला, की उमेदवाराचा चेहरा १२ टक्के रुंद होतो. अंगठ्याच्या ठशाला २४० पिक्सेल, २०० डीपीआय आणि ३ सेंटिमीटर अशी अट असते; ती जवळजवळ जुळते, फक्त खरी लांबी ३.०४८ सेंटिमीटर भरते. या अटी लिहिणाऱ्याने एकदा कॅल्क्युलेटर हातात घ्यायला हवा होता. पडद्यावर तपासायच्या फोटोला सेंटिमीटर लागत नाहीत. पिक्सेल आणि प्रमाण सांगितलं की पुरे. आणि ‘डीपीआय वाढवून द्या’ म्हणून रकान्यातला ७२ पुसून २०० लिहून घेणाऱ्या मुलाला हे कुणीतरी सांगायला हवं, की तेवढ्याने फोटोतला एकही पिक्सेल बदललेला नाही.

आता छपाई यंत्राला हा आकडा सांगायचा कसा, हा प्रश्न. कसोटीला बिलाचं छोटं थर्मल यंत्र घेऊ. ५८ मिलिमीटर रुंदीचा कागद, त्यात ४८ मिलिमीटर छपाई, आणि तापणाऱ्या पट्टीवर ३८४ ठिपके. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या खोक्यांवरची लेबलंही बऱ्याचदा याच जातीच्या यंत्रांवर निघतात. त्याच्या पेटीवर लिहिलेलं असतं २०३ डीपीआय. ३८४ ला ४८ ने भागा: मिलिमीटरला बरोबर ८ ठिपके. यंत्र मेट्रिक मापात घडवलेलं आहे, नाव इंचात आहे. मिलिमीटरला ८ म्हणजे इंचाला २०३.२, आणि नावात पॉइंट दोन गळून पडले.

प्रोग्रामरने २०३ हा आकडा खरा मानला, तर एका मीटरला जवळपास १ मिलिमीटरची चूक होते. १०० मिलिमीटरच्या दहा लेबलांमागे मजकूर तेवढा सरकतो. लेबलांमधली फट ओळखणारा सेन्सर असेल तर चूक दर लेबलाला पुसली जाते. सलग कागदावर ती साठत जाते.

मग २०३.२ लिहावं, असं वाटतं. पण संगणक आकडे दोनच्या घातांत साठवतो. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की तीन संपत नाहीत, तसे संगणकाला २०३.२ किंवा २५.४ हे आकडे पूर्ण लिहिताच येत नाहीत. शेपूट कुठेतरी कापावी लागते. दोन लांब्या समान आहेत का, असं विचारल्यावर ते कापलेलं टोक ‘नाही’ म्हणायला लावतं, आणि ए-४ कागद भरलेला असूनही प्रोग्राम म्हणतो की हे माप यंत्रात नाही.

यावरचा जावा भाषेतला उपाय मला सुंदर वाटतो. तिच्या छपाईच्या भागात रिझोल्यूशन ‘इंचाला किती’ असं न साठवता ‘शंभर इंचांना किती’ असं पूर्णांकात साठवतात. ३०० डीपीआय म्हणजे ३०,०००. सेंटिमीटरला ८० ठिपके असतील तर ८० गुणिले २५४, म्हणजे २०,३२०. अपूर्णांक कुठेच नाही, पॉइंट दोन जिवंत. हे जमतं, कारण इंच आज नेमका २.५४ सेंटिमीटरचा आहे. तो तसा कायम ठरला १ जुलै १९५९ पासून, इंग्रजीभाषक देशांच्या करारानंतर. त्याआधीचा अमेरिकी इंच मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाने मोठा होता. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली, पण फ्लेक्सचा भाव अजून चौरस फुटाला, टाइप पॉइंटमध्ये आणि पासपोर्ट फोटो सेंटिमीटरमध्ये. आपल्यासाठी तर दोन्ही मापं तंतोतंत धरणारं सॉफ्टवेअर रोजची गरज आहे.

कागदाची लांबी जावा मायक्रोमीटरमध्ये ठेवते: इंच २५,४००, ए-४ म्हणजे २,१०,००० गुणिले २,९७,०००. वर्डच्या फाइलीत चित्रांची मापं आणखी बारीक एककात असतात. इंचाला ९,१४,४०० एककं, सेंटिमीटरला ३,६०,०००, पॉइंटला १२,७००. तिन्हींना निःशेष भाग जातो म्हणूनच हा आकडा निवडलेला. डोनाल्ड क्नूथ यांनी टेक्‌ या जुळणीच्या प्रणालीत पॉइंटचे ६५,५३६ भाग केले. तो एक भाग ५.४ नॅनोमीटरचा; हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी असे शंभर भाग भरते. इतकं बारीक कुणी छापत नाही. पण कुठल्याही संगणकावर ओळ त्याच शब्दाशी तुटावी, एवढ्यासाठी त्यांनी हे केलं.

उलटी उदाहरणंही आहेत. पीएनजी चित्रात रिझोल्यूशन ‘मीटरला किती पिक्सेल’ असंच लिहिता येतं, तेही पूर्णांकात. ७२ डीपीआय म्हणजे मीटरला २८३४.६, तिथे २८३५ लिहिलं जातं, आणि परत वाचताना ७२.००९ दिसतं. विंडोजच्या छपाईत एकाच रकान्यात दोन अर्थ कोंबलेत: आकडा धन असला तर तो डीपीआय, ऋण असला तर उणे १ म्हणजे कच्ची प्रत, उणे ४ म्हणजे उत्तम. हे ठाऊक नसलेला प्रोग्राम उणे ४ ने गुणाकार करत बसतो. शिवाय आडवं आणि उभं रिझोल्यूशन वेगळं असू शकतं, जसं १४४० बाय ७२०. एकच आकडा साठवणाऱ्या प्रोग्राममध्ये वर्तुळाचं अंडं होतं.

मराठीला हे सगळं जास्त जाचतं. डॉट मॅट्रिक्सच्या काळात नऊ पिनांचं डोकं इंचाच्या ७२ व्या भागाच्या अंतराने ठिपके मारी. इंग्रजी अक्षर त्यात मावे. वर वेलांटी, मधे शिरोरेषा आणि खाली उकार असलेलं देवनागरी अक्षर मावत नसे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या जिस्ट तंत्रज्ञानाने भारतीय लिप्या त्या यंत्रांपर्यंत पोचवल्या. आज लेझर यंत्रांवर तो प्रश्न उरला नाही, पण बिलाच्या थर्मल यंत्रावर आहे. ८ पॉइंटच्या टाइपला तिथे उभे साडेबावीस ठिपके मिळतात. त्यातच मात्रा, शिरोरेषा, अक्षराचं अंग आणि खालचा उकार. अनुस्वाराच्या वाट्याला दोन बाय दोन. प्रोग्रामने साडेबावीसचे बावीस केले, की कापला जातो तो बहुतेक वेळा वरचा अनुस्वार किंवा खालचा उकार, कारण इंग्रजी अक्षराला तिथे काही नसतं आणि चाचणी इंग्रजीत झालेली असते. मराठीत बिल देणाऱ्या दुकानदाराने टाइप १० पॉइंटचा करून घ्यावा. ठिपके २८ होतात, कागद थोडा जास्त जातो, आणि गिऱ्हाइकाला ‘शेंगदाणे’ आणि ‘साबुदाणा’ चष्म्याशिवाय वाचता येतात.