मोती घरचाच आहे, तरीही

परसात वांगी-मिरचीची चार झाडं, दारात कुत्रं, चुलीजवळ मांजर, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या घरचं. क्रोशाचं तोरण विणायला बसलं की दोऱ्याच्या गुंडीमागे पिल्लू धावतंच. त्यात कधी नख लागतं, कधी दात. आपण म्हणतो, "घरचंच आहे, काय होतंय!" आणि वर हळद दाबतो.

तेच नको. रेबीजचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि नसांमधून मेंदूकडे सरकतो. त्याला बहुतेक वेळा काही आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून तर लस उपयोगी पडते. लक्षणं दिसल्यावर मात्र माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची, घड्याळ बघून 15 मिनिटं. कपड्यांचा साबणही चालतो. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. (तिखट लावणाऱ्यांचं मला नवलच वाटतं, लेकराची आधीच आग होत असते.) मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लस तिथे मोफत असते. पोटातली 14 इंजेक्शनं केव्हाच गेली. आता दंडात देतात. कार्डावरची एकही तारीख चुकवू नका. गरोदर बाईनेही घ्यायची. रक्त आलं असेल तर जखमेत आणखी एक औषध टोचावं लागतं, ते डॉक्टरांना विचाराच.

आणि मोती? पिल्लू 3 महिन्यांचं झालं की जनावरांच्या दवाखान्यात लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. शेळ्यांच्या लसीची तारीख लिहिता ना, त्याच पानावर मोतीचीही लिहा.