पाण्यावरचे बिऱ्हाड

'घर पाहावे बांधून' ही म्हण मराठीत रूढ आहे. घर उभारताना माणसाची होणारी दमछाक ती नेमकेपणाने सांगते. लंडन शहरातील काही हजार रहिवाशांच्या बाबतीत मात्र या म्हणीतील 'बांधणे' हा शब्द निराळ्याच अर्थाने खरा ठरतो. त्यांचे घर तयार असते. ते दोराने बांधायचे असते, कालव्याच्या काठावरील लोखंडी कड्याला. ते घर म्हणजे नौका. ती कोठे बांधायची, किती दिवस बांधायची आणि कोणत्या हक्काने बांधायची, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर त्यांचा संसार अवलंबून असतो.

हाउसबोट म्हटले, की भारतीय वाचकाला श्रीनगरचे दल सरोवर किंवा केरळमधील खाड्या आठवतात. तेथे प्रवासी चार दिवस राहतो आणि परततो. लंडनच्या कालव्यांतील नौका या बहुधा सहलीच्या नौका नव्हेत. शहरातील घरभाडे न परवडणारे नोकरदार, कलावंत, तरुण जोडपी आणि निवृत्त माणसे तेथे बारा महिने राहतात. हिवाळ्यात त्यांच्या छपरांवरील धुराड्यांतून धूर निघतो आणि टपावर लाकडांच्या मोळ्या रचलेल्या दिसतात.

हे कालवे मुळात माणसांना राहण्यासाठी खोदलेले नव्हते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये कारखानदारी वाढली, तेव्हा कोळसा, धान्य, चिनी मातीची भांडी असा माल वाहून नेण्यासाठी कालव्यांचे जाळे विणले गेले. लंडनमधील पॅडिंग्टनपासून लाइमहाउसपर्यंत जाणारा रीजंट्स कालवा १८२० मध्ये पूर्ण झाला. देशातील अनेक कालव्यांवर पाण्याची पातळी चढवणारी-उतरवणारी दारे, म्हणजे लॉक, जेमतेम सात फूट रुंदीची होती. त्यांतून जाण्यासाठी सुमारे सात फूट रुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब अशा नौका तयार झाल्या. त्यांना नॅरोबोट म्हणतात. पुढे आगगाडी आली, त्यानंतर मालमोटार आली आणि कालव्यांवरील वाहतूक आटत गेली. १९६२-६३ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि उरलासुरला धंदाही मोडला. माल गेला; नौका राहिल्या. कालांतराने त्यांच्या पोटात स्वयंपाकघर, बिछाना आणि पुस्तकांच्या फळ्या आल्या.

नौका विकत घेण्यास लंडनमधील सदनिकेच्या मानाने फारच कमी पैसे लागतात, हे तिचे मोठे आकर्षण आहे. परंतु येथेच पुष्कळांची फसगत होते. सदनिका घेणाऱ्याला तिच्याखालच्या जमिनीवर काही ना काही हक्क मिळतो. नौका घेणाऱ्याला केवळ नौका मिळते; तिच्याखालचे पाणी आणि तिच्या शेजारचा काठ मिळत नाही. म्हणून जाणकार माणसे नवागताला एकच गोष्ट बजावतात: आधी जागा, मग नौका.

इंग्लंड आणि वेल्समधील बहुतेक कालव्यांची व्यवस्था २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था पाहते. तिच्या पाण्यावर नौका ठेवण्यासाठी परवाना लागतो. १९९५ च्या कायद्यानुसार या परवान्यासाठी तीन अटी आहेत. नौकेचे सुरक्षा प्रमाणपत्र हवे, विमा हवा आणि नौका ठेवण्याची कायमची जागा हवी. अशी जागा नसेल, तर नौका खरोखरच प्रवासात असली पाहिजे. एका ठिकाणी ती सलग १४ दिवसांहून अधिक काळ थांबता कामा नये. आजारपण, बिघाड किंवा गोठलेले पाणी अशा वाजवी कारणांसाठी अधिक मुभा मिळू शकते.

यावरून राहण्याचे तीन मार्ग निघतात. पहिला मार्ग निवासी जागेचा. अशा ठिकाणी वर्षभर राहण्याची अधिकृत परवानगी असते. बहुधा नळ, वीज आणि सांडपाण्याची सोयही असते. मात्र लंडनमध्ये अशा जागा थोड्या असून त्यांचे भाडे भारी असते. दुसरा मार्ग विरंगुळ्यासाठी दिलेल्या जागेचा. ती स्वस्त असते, पण तेथे नौका ठेवता येते, कायमचे घर करता येत नाही. चोरून राहणाऱ्याला केव्हाही निघावे लागू शकते. तिसरा मार्ग फिरत्या नौकेचा. यात जागेचे भाडे लागत नाही. त्याऐवजी पायाला भिंगरी लावून घ्यावी लागते. एप्रिल २०२४ पासून अशा नौकांना परवान्यासाठी अधिभारही द्यावा लागतो.

तिसरा मार्ग वरवर सर्वांत स्वस्त वाटतो. पण त्याची किंमत पैशात मोजता येत नाही. समजा, एका कुटुंबातील मूल एका शाळेत जाते आणि आईची नोकरी त्याच भागात आहे. दर पंधरवड्याला घर पुढे सरकते, शाळा मात्र सरकत नाही. नौका दोनच ठिकाणांमध्ये मागेपुढे हलवणे नियमात बसत नाही. वर्षभरात २० मैलांहून कमी टापूत वावरणाऱ्या नौकेने अट पाळली असे मानले जाण्याची शक्यता फार कमी, असे ट्रस्टचे म्हणणे आहे. अट मोडल्यास परवान्याचे नूतनीकरण अडते आणि अखेरीस न्यायालयामार्फत नौका हटवली जाऊ शकते. नौका हटणे म्हणजे घर जाणे. म्हणून फिरते जीवन निवडताना आपली नोकरी, मुलांची शाळा आणि आपले वय या तिन्हींचा विचार अगोदर करावा लागतो.

कायमची जागा निवडताना पहिली पाहणी कागदांची करावी. जागेला निवासाची परवानगी आहे काय, करार किती वर्षांचा आहे, भाडे कोणत्या रीतीने वाढेल आणि नौका विकल्यास जागा नव्या मालकाला मिळेल काय, हे लेखी असले पाहिजे. तोंडी आश्वासन पाण्यावरच्या रेघेसारखे असते. दुसरी पाहणी काठाची. पिण्याच्या पाण्याचा नळ, शौचटाकी रिकामी करण्याची जागा आणि कचराकुंडी किती दूर आहे, हे चालून पाहावे. जागा एकदा दिवसा व एकदा रात्री पाहावी. वाटेवरचा उजेड आणि शेजार रात्रीच कळतो. तिसरी पाहणी पाण्याची. कालव्याचे पाणी संथ असते; परंतु लंडनमधील थेम्स नदीला समुद्राची भरती-ओहोटी आहे आणि मोठ्या भरतीच्या वेळी पाण्याची पातळी सुमारे सात मीटरनी बदलते. तेथे दोर, धक्का आणि नौकेचा तळ यांची गरज अगदी वेगळी असते.

जागा ठरल्यावर नौकेकडे वळावे. बहुतेक नॅरोबोट पोलादी असतात आणि पोलादाचा शत्रू गंज. त्यामुळे खरेदीपूर्वी नौका पाण्याबाहेर काढून तज्ज्ञाकडून तिच्या पत्र्याची जाडी मोजून घेतात. दर दोन-तीन वर्षांनी तळाला काळा संरक्षक लेप द्यावा लागतो. तळाला मॅग्नेशियमचे ठोकळेही जोडतात. गंजण्याची क्रिया आधी त्या ठोकळ्यांना खाते आणि पोलाद वाचते. काठावरील वीज जोडली असता मातीच्या तारेतून शेजारच्या नौकांशी संबंध येऊन ही झीज वाढू शकते; म्हणून मध्ये एक रोधक उपकरण बसवतात.

नौकेतील सुरक्षितता हा त्याहून गंभीर विषय आहे. बंद खोलीत शेगडी पेटली, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. त्याला रंग नाही आणि गंधही नाही. म्हणून त्याची सूचना देणारी घंटा नौकेत असावीच लागते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो तळाशी साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होतो. यासाठी सिलिंडर आतल्या खोलीपासून वेगळ्या कप्प्यात ठेवतात व त्या कप्प्याला गॅस नौकेबाहेर जाईल अशी वाट ठेवतात.

खर्चाचा हिशेब मांडताना नौकेची किंमत ही केवळ पहिली ओळ असते. परवाना, जागेचे भाडे, विमा, डिझेल, कोळसा, लेप आणि दुरुस्ती या ओळी तिच्याखाली दरवर्षी येतात. निवासी जागेवर स्थानिक करही लागू शकतो. शिवाय जमिनीवरील घराची किंमत बहुधा वाढते, नौकेची मात्र झिजेबरोबर घटत जाते. या सगळ्यांची बेरीज केल्यावरही नौका परवडली, तरच ती स्वस्त म्हणावी.

पत्ता हाही हक्कच असतो. ब्रिटनमध्ये ठरावीक पत्ता नसलेल्या नागरिकालाही एखाद्या भागाशी आपला संबंध जाहीर करून मतदार म्हणून नाव नोंदवता येते. तरीही पत्र, बँक आणि दवाखाना यांच्यासाठी विश्वासाचा कोणीतरी काठावर लागतोच. फिरत्या नौकेवरील माणसे त्यासाठी नातलगाचा किंवा मित्राचा आधार घेतात.

या जीवनात सुख नाही असे नव्हे. सकाळी खिडकीशी बदके येतात, शेजारी एकमेकांचे दोर झेलतात आणि बंद पडलेले इंजिन चार अनोळखी हात मिळून सुरू करतात. परंतु हे सुख टिकते ते नियम जाणून घेणाऱ्यालाच. नौका सुंदर आहे का, हे कोणालाही दिसते. ती उद्या कोठे बांधता येईल, हे ज्याला सांगता येते, त्याच्याच नौकेला घर म्हणता येते.