अंगणवाडीतला संगणक कोणाच्या बोलीत बोलतो?

त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलच्या बाजूला गेलात की अंगणवाडीतल्या तीन वर्षांच्या पोराच्या कानावर घरी कोकणा, वारली किंवा ठाकरी बोली असते आणि भिंतीवरच्या तक्त्यावर असते प्रमाण मराठी. एकाच खोलीत तीन ते सहा वर्षांची सगळी मुले, त्यांत एखादे कमी ऐकणारे, एखादे अजून न बोलणारे, आणि या साऱ्यांना एकच ताई. संगणक उपयोगी पडायचा तर तो इथे पडला पाहिजे.

संगणक म्हणजे इथे ताईचा मोबाइल. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आला आणि वजन, उंची, हजेरी, आहार यांची नोंद त्यात होऊ लागली. त्याच वर्षी राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन मंद चालत होते आणि ॲप इंग्रजीत होते. ताईलाच परकी वाटणारी भाषा मुलापर्यंत काय पोहोचवणार? त्यांची तक्रार मला शंभर टक्के रास्त वाटते. कुपोषणाची नोंद हवीच, पण मुलाशी बोलायची वेळ त्या नोंदीत जाऊ नये.

प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र देण्याचा प्रयोगही आपल्याकडे झाला. कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे लॅपटॉप आले. ती मुले पहिली ते चौथीची होती. अंगणवाडीच्या वयाला ती वाट लागू नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी बसून दिवसाला तासाभरापेक्षा जास्त पडदा पाहू नये, कमी तेवढे बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. म्हणून यंत्र ताईच्या हाती राहावे आणि मुलांनी ऐकावे, बोलावे, हसावे.

ते कसे, याची साधने तयार आहेत. आजीने पाड्यावर सांगितलेली गोष्ट मोबाइलवर रेकॉर्ड करून वर्गात ऐकवायला काहीच खर्च नाही, आणि घरची बोली शाळेत ऐकली की गप्प बसणारे मूल तोंड उघडते. प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून चित्रकथा मोफत देते, त्या उतरवून आपल्या बोलीत करता येतात. न बोलणाऱ्या मुलासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ आहे. चित्रावर बोट ठेवले की ते मराठीत बोलते, म्हणजे पाणी हवे, भूक लागली, हे मूल स्वतः सांगू शकते. मात्र हे सगळे रेंजशिवाय चालले पाहिजे. २०२७च्या सिंहस्थासाठी त्र्यंबक गावाकडे सगळ्यांचे लक्ष आहे, पावसाळ्यात वीज जाणाऱ्या पाड्यांकडेही ते वळावे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला वारली मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल जिथे आहे तिथे शिक्षणाने जायचे, हा त्यांचा हट्ट होता. आजच्या यंत्राकडून मी तेवढेच मागतो.

दिवाळीनंतर इथली कुटुंबे जगायला दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे जातात. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद होते, त्यामुळे मुलाचा आहार त्याच्यामागे जाऊ शकतो. त्याच नोंदीत आणखी दोन ओळी हव्यात: मूल घरी कोणती बोली बोलते, आणि त्याला उजव्या कानाने कमी ऐकू येते का. निफाडच्या ताईला ते पहिल्याच दिवशी कळले, तर ती त्याला डाव्या बाजूने हाक मारील.