बेसचा खर्ज जातो कुठे?

गिटारसाठी बनवलेलं ओव्हरड्राइव्ह पेडल बेस गिटारला जोडलं की आवाजातला दमच निघून जातो, ही बेस वाजवणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. हवी ती खरखर मिळते, पण ज्याच्या जोरावर सगळा वाद्यवृंद उभा असतो तो खर्ज गायब होतो. यावर उपाय दोन. बेससाठीचं वेगळं, महागडं पेडल विकत घ्यायचं, नाहीतर सोल्डरिंग आयर्न तापवून स्वतःचं बनवायचं. दुसरा उपाय सहसा हौशी खटपट्यांचा छंद म्हणून हसण्यावारी नेला जातो. पण हरवलेल्या खर्जाचा माग काढत गेलं तर दिसतं ते असं, की चांगलं बेस-पेडल बनवायला सर्किटइतकीच कानाची जाण लागते. आणि कानाबद्दलची ती नेमकी गोष्ट १८४०च्या दशकातच एका जर्मन शास्त्रज्ञाने सांगून ठेवली होती. त्या वेळी त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही.

गंमत म्हणजे खरखरीच्या पेडलचा हा सगळा प्रकार बेसवरूनच सुरू झाला. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्स यांचं ‘डोन्ट वरी’ ध्वनिमुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते. मिक्सिंग टेबलातला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि बेसचा आवाज फाटून भुंग्यासारखा घुमू लागला. तो तसाच ठेवला गेला आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी रेव्हिस हॉब्स यांना बरोबर घेऊन तोच बिघाड ट्रान्झिस्टरच्या सर्किटात मुद्दाम घडवून आणला. १९६२ मध्ये ‘गिब्सन’ने तो ‘माएस्ट्रो फझ-टोन’ म्हणून बाजारात आणला, एवढंच नव्हे तर एका बेस गिटारच्या पोटातही बसवला. पुढे १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्‌स यांनी ही पेटी गिटारवर वापरली आणि फझ गिटारचाच होऊन बसला. त्यानंतर पेडलचे आराखडे गिटार डोळ्यांसमोर ठेवून आखले गेले आणि बेस पाहुण्यासारखा दाराशी उभा राहिला.

चोरी पकडायची तर जगभर भरपूर नकला झालेल्या ‘ट्यूब स्क्रीमर’ या ओव्हरड्राइव्ह पेडलचं झाकण उघडावं. त्यात आवाज वाढवणाऱ्या टप्प्याशी ४.७ किलोओहमचा रोधक आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी बसलेली आहे. शाळेतलंच सूत्र लावलं तर या जोडीची सीमा निघते साधारण ७२० हर्ट्‌झ. तिच्या खाली उतरत जावं तसा प्रवर्धनाचा जोर कमी होत जातो. ड्राइव्हचा नॉब पूर्ण फिरवला तर मधल्या पट्टीतल्या सुरांना ११८ पटींच्या आसपास वाढ मिळते. बेसच्या सर्वांत जाड तारेच्या ४१ हर्ट्‌झला मात्र जेमतेम सात पट. म्हणजे खर्ज कुणी कापलेला नाही, बाकीचे सगळे त्याच्या डोक्यावरून ओरडताहेत. यात गिटारवाल्यांचा दुष्टपणा नाही. गिटारची जाड तारच मुळी ८२ हर्ट्‌झपासून सुरू होते आणि वाद्यवृंदात तिचं काम मधल्या पट्टीत असतं.

मग तो कपॅसिटर बदलला की झालं! हौशी मंडळींची पहिली धाव इथवरच असते. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एका वडापावच्या पैशांत असे चार-पाच कपॅसिटर मिळतात. ‘४७३’ छापलेला काढायचा आणि ‘४७४’ छापलेला लावायचा. शेवटचा आकडा एकाने वाढला की क्षमता दहापट, आणि सीमा ७२ हर्ट्‌झवर. खर्ज परत येतो खरा, पण आवाजाचा चिखल होतो. कारण सर्किटात एकमेकांकडे पाठ करून बसवलेले दोन डायोड लाटेला सुमारे ०.६ व्होल्टचं छत घालतात. बेसची खालची लाट सगळ्यांत दांडगी. ती छताला जाऊन टेकली की तिच्या पाठीवर बसलेल्या बारीक लहरी तेवढा वेळ चेंगरून सपाट होतात. प्रत्येक हेलकाव्याला हे घडतं आणि बोटाचा आघात, तारेची झणक, सगळं त्यात बुडतं. म्हणजे खर्ज मागे पडला तर दम जातो आणि ठेवला तर स्पष्टता. कोंडी खरी आहे, आणि ती फोडायला कपॅसिटर पुरत नाही.

इथे सुरुवातीला उल्लेखलेला तो जर्मन शास्त्रज्ञ, ऑगस्ट झेबेक, आठवतो. उष्णतेपासून वीज निर्माण होते हे दाखवणाऱ्या थॉमस झेबेक यांचा हा मुलगा. त्याचं उपकरण म्हणजे भोकं पाडलेली एक फिरती तबकडी आणि त्या भोकांवर सोडलेला हवेचा झोत. भोकांमधली अंतरं सारखी असली की एक सूर ऐकू येतो. झेबेकने ती एकाआड एक किंचित कमी-जास्त केली, तर सप्तकभर खालचा सूर ठळक ऐकू येऊ लागला. वास्तविक गणिताने पाहिलं तर त्या खालच्या सुराचं कंपन अगदी दुबळं होतं. रोधाच्या नियमामुळे शाळकरी मुलांनाही माहीत असलेल्या गेऑर्ग ओहम यांनी या गणिताच्या आधारे तो खालचा सूर म्हणजे श्रवणभ्रम ठरवला. त्यांच्या मते कान प्रत्येक कंपन सुटं सुटं ऐकतो. जे नाही ते ऐकू येणारच नाही. हेल्महोल्ट्‌झ यांच्यासारख्या दिग्गजाने पुढे ओहम यांचीच बाजू घेतली. झेबेक १८४९ मध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना वारला. पुढे १९३८ ते १९४० या काळात हॉलंडमध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्खाउटन यांनी आवाजातलं मूळ कंपन पुरतं पुसून टाकलं, तरी ऐकणाऱ्यांना सूर तोच लागला. वरच्या उपस्वरांची नियमित मांडणी मिळाली की मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून ४१ हर्ट्‌झ बाहेर पडणं अवघड, तरीही बेसची चाल कळते ती यामुळे.

आपल्या कानांना हे नवं वाटू नये. तानपुऱ्याची जवारीही उपस्वरच जागवते. घोडीचा किंचित उतरता माथा आणि तारेखाली सरकवलेला दोरा तारेला साधं झुलू देत नाहीत, आणि उपस्वरांचा झोत उसळतो. तारेच्या ज्या बिंदूवर छेडल्याने एखादा उपस्वर उमटायलाच नको, तिथे छेडूनही तो तानपुऱ्यात जोरकस ऐकू येतो, हे १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी नोंदवून ठेवलं आहे. पेडलमध्येही डायोडची जोडी लाट दोन्ही बाजूंनी सारखी छाटते तेव्हा तिसरा आणि पाचवा असे विषम उपस्वर उमटतात. षड्जापासून मोजले तर तिसरा म्हणजे पंचम आणि पाचवा म्हणजे गंधार. नीट जुळलेल्या तानपुऱ्यातून आपोआप कानावर येणारा हाच तो गंधार!

मग कोणी विचारेल, मेंदू खर्ज भरूनच काढत असेल तर तो जपायची यातायात कशाला? मेंदू भरून काढतो ती सुराची उंची. छातीवर येणारा दाब आणि पायाखालची थरथर हवेतल्या खऱ्या हालचालीतूनच येते. ती कल्पनेने भरत नाही. म्हणून खरा तोडगा वाटा वेगळ्या करण्याचा. खर्ज एका वाटेने अस्पर्श जाऊ द्यायचा, वरचा भाग दुसऱ्या वाटेने छाटायचा आणि शेवटी दोन्ही एका नॉबवर मिसळायचे. छाटलेले उपस्वर सूर ओळखायला मदत करतात, साफ खर्ज वजन देतो. बेससाठीच्या अनेक नावाजलेल्या पेडलवर ‘ब्लेंड’चा नॉब असतो तो यासाठीच, आणि घरी तो बसवायला लागतं एक पोटेन्शिओमीटर आणि आयसीचा एखादा जास्तीचा टप्पा. उलट ‘ट्यूब स्क्रीमरमधली ती जुनी ४५५८ आयसीच हवी, तिच्यातच जादू आहे’ म्हणून तिच्यासाठी चढे भाव मोजणाऱ्यांचं गणित पटत नाही. ११८ पटींची वाढ पाच हजार हर्ट्‌झपर्यंत द्यायची तर आयसीची लागणारी धाव, म्हणजे वाढ गुणिले कंपनसंख्या, सहा लाख हर्ट्‌झच्या आत बसते. साध्या, नव्या ४५५८ची त्याच्या काही पट आहे, आणि लाटेला आकार मुख्यतः डायोड देतात.

ब्लेंडमध्ये धोका आहे तो वेगळाच. एका ट्रान्झिस्टरचा नेहमीचा प्रवर्धक लाट उलटी करतो. ‘बिग मफ’ या फझ पेडलमध्ये असे चार टप्पे असल्याने चार वेळा उलटून ती सुलटीच बाहेर पडते, तीन टप्प्यांचं सर्किट असेल तर उलटी. अशी उलटी लाट साफ खर्जात मिसळली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. नॉब कोणत्याही टोकाला न्या, खर्ज हजर. मधोमध आणा, गायब. त्या वेळी कपॅसिटर बदलत बसू नये, छाटलेल्या वाटेवर लाट उलटवणारा आणखी एक टप्पा घालावा.