गाळण्यात न अडकणारे विष

जैन कुटुंबाची ओळख पाण्याच्या माठापाशी पटते. दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय पाणी वापरायचे नाही, व्रतकाळात उकळलेलेच प्यायचे आणि गाळण्यात राहिलेले सूक्ष्म जीव ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत हलकेच परत सोडायचे, हा संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जिवाणीच्या या रीतीत जीवदया आहे आणि आरोग्याचे रक्षणही आहे. परंतु आजच्या भूजलात असेही काही विरघळलेले असते, जे कापडात अडकत नाही आणि उकळल्याने नाहीसे होत नाही. ते म्हणजे नायट्रेट.

नागपूर–वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) हे कापूस, तूर व सोयाबीनच्या शेतांनी वेढलेले नगर. अशा प्रदेशात युरियातील जे नत्र पिकाला लागत नाही, ते पावसाबरोबर जमिनीत मुरते व नायट्रेटच्या रूपाने भूजलात उतरते. उकिरडे, गोठे आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतूनही तेच झिरपत असते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात नायट्रेटचे प्रमाण अधिक असलेल्या देशातील १५ जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश आहे. शेजारचे यवतमाळ व अमरावतीही त्या यादीत आहेत. याचा अर्थ प्रत्येक विहीर दूषित आहे असा नव्हे. दोन लगतच्या विहिरींच्या पाण्यातही मोठे अंतर असू शकते, आणि रंग, वास किंवा चव यांवरून ते ओळखता येत नाही.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या एक लिटर पाण्यात ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट असू नये. सर्वाधिक धोका सहा महिन्यांच्या आतील, बाटलीने वरचे दूध पिणाऱ्या बाळांना असतो. शरीरात नायट्रेटचे नायट्राइट होते व रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. ओठ व नखे निळसर दिसू लागतात. वेळीच उपचार न झाल्यास जीवावरही बेतते. येथे उकळण्याची सवय उलट अपाय करते. एका लिटरमध्ये ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले पाणी उकळून पाऊण लिटर झाले, तर त्याचे प्रमाण लिटरमागे ५३ मिलिग्रॅमवर जाते. जंतूंसाठी उकळणे योग्यच. नायट्रेटवर मात्र तो उपाय नाही. तुरटी, क्लोरीन आणि अतिनील किरणांचे यंत्रही येथे निरुपयोगी ठरते.

म्हणून पहिले पाऊल तपासणीचे. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून नमुना भरावा व जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा. पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा तपासणी झाल्यास चित्र स्पष्ट होते. प्रमाण अधिक निघाले तर बाळासाठी व पिण्या-स्वयंपाकासाठी दुसरा सुरक्षित स्रोत शोधावा किंवा आर. ओ. यंत्र वापरावे. त्यातून बाहेर पडणारे पाणी फरशी पुसण्यास व धुण्यास वापरले, तर विनाकारण नासाडी टाळण्याचे अनर्थदंडविरमण व्रतही पाळले जाते.

धान्याच्या कोठीकडेही असेच पाहावे लागते. कीड मारण्यासाठी घरातील धान्यात विषारी गोळ्या ठेवणे जीवघेणे आहे, कारण त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत माणसांचाही बळी घेतो. धान्य कडक उन्हात वाळवून, निवल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरले व तुरीच्या डाळीला एरंडेल चोळले, तर कीड लागण्याची शक्यताच कमी होते. जीव मारण्याची वेळ येऊ न देणे, हेच अहिंसेला अधिक जवळचे. कीटकनाशकाचा रिकामा डबा तर कितीही धुतला तरी पाणी वा धान्यासाठी कधीच वापरू नये.

जिवाणी विहिरीपर्यंत नेऊन सोडणाऱ्या पूर्वजांनी पाण्याची जबाबदारी घरातल्या माठापाशी संपू दिली नाही. उकिरडा व शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर ठेवणे, शेतात युरिया मोजून व विभागून देणे आणि तपासणीचा निकाल शेजाऱ्यांनाही सांगणे, ही त्याच जबाबदारीची आजची कर्तव्ये होत.